भुलीचा वायू आणि फुप्फुसाची भिंत

जून २०२०. ठाण्यात बाळकुम-साकेत परिसरातल्या एका भव्य इमारतीचे काही आठवड्यांत १०२४ खाटांच्या कोविड रुग्णालयात रूपांतर झाले. ठाणेकरांच्या तोंडी ते ‘ग्लोबल’ झाले. तिथल्या शेकडो खाटांच्या उशाशी प्राणवायूच्या नळ्या आल्या, अतिदक्षता विभाग उभा राहिला, आणि ‘ग्लोबलला खाट मिळाली का’ हा प्रश्न शहरातल्या अनेक घरांनी त्या काळात एकमेकांना विचारला.

त्या खाटांवरच्या अत्यवस्थ रुग्णांचे नेमके काय बिघडले होते? प्राणवायू नळीत होता. तो फुप्फुसापर्यंत पोहोचतही होता. रक्तात मात्र उतरत नव्हता. हवा आणि रक्त यांच्यामध्ये फुप्फुसात एक अतिशय पातळ भिंत असते. ती सुजली होती, गळत होती, आणि जिथे हवा असायची तिथे पाणी आणि प्रथिने साचत होती.

या रुग्णांना कृत्रिम श्वासावर ठेवणे आणि त्यासाठी गुंगीत ठेवणे, हे काम आपल्याकडे फार मोठ्या प्रमाणात भूलतज्ज्ञांनी केले. आणि भूलतज्ज्ञांच्या शास्त्रात या भिंतीविषयीचा एक जुना प्रश्न तेव्हाही अनुत्तरित होता. हुंगवून दिलेली भूल या भिंतीवरूनच रक्तात जाते. जाता जाता ती भिंतीला इजा करते, की तिला राखते?

हा धागा त्या प्रश्नाच्या इतिहासाचा आहे. तो बाळकुमहून बॉस्टन, पुणे, हैदराबाद आणि अखेर फ्रान्स असा फिरणार आहे.

आधी भिंतीची ओळख करून घेऊ, कारण पुढे सगळे तिच्याभोवती आहे. माणसाच्या फुप्फुसांत सुमारे ४८ कोटी वायुकोश असतात. प्रत्येक वायुकोशाला रक्ताच्या केशवाहिन्यांचे जाळे लपेटलेले असते. मधल्या भिंतीचे तीन थर: हवेच्या बाजूच्या पेशी, रक्ताच्या बाजूच्या पेशी, आणि दोहोंच्या मधला चिवट पापुद्रा. जिथे ती सर्वांत पातळ असते तिथे तिची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही निम्म्याहून कमी भरते. वहीचा कागद तिच्यापुढे शेकडो पट जाड आहे. हवेच्या बाजूने या भिंतीवर ‘सर्फॅक्टंट’ नावाचा स्निग्ध लेप असतो. तो नसेल तर वायुकोश प्रत्येक उच्छ्वासाबरोबर मिटून जातील. त्याही आधी, श्वासनलिकेत, चिकट श्लेष्मा आणि तो सतत वर ढकलणारी सूक्ष्म लव असा बाहेरचा पहारा असतो.

आता काळात मागे जाऊ.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनमध्ये विल्यम मॉर्टन याने जाहीर प्रयोगात ईथर हुंगवून रुग्णाला बेशुद्ध केले. बातमी जहाजाने फिरली. २२ मार्च १८४७ रोजी कलकत्त्यात ईथरखाली शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात एडिंबरोच्या जेम्स सिम्पसनने क्लोरोफॉर्म पुढे आणला आणि जगभरच्या शल्यविशारदांचे दोन तट पडले.

हिंदुस्थानात क्लोरोफॉर्मचा तट जिंकला. त्यामागे सिम्पसनची कीर्ती होती, तसे इथले ऊनही होते. ईथर ३५ अंशांच्या आसपास उकळू लागतो. विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या मे महिन्यात ईथरची बाटली उघडणे म्हणजे ती हवेला दान करणे. शिवाय ईथर भडकन पेटतो, आणि त्या काळी रात्रीची शस्त्रक्रिया दिव्याच्या ज्योतीखालीच व्हायची. क्लोरोफॉर्म ६१ अंशांना उकळतो, थोडक्यात काम करतो आणि पेट घेत नाही.

ईथरवर आणखी एक आरोप होता, तो थेट आपल्या विषयातला. ईथर घशाला झोंबतो. रुग्ण खोकतो, लाळ आणि श्लेष्मा पाझरतो. शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांना तिसऱ्या-चौथ्या दिवशी न्यूमोनिया होई, आणि डॉक्टरांनी त्याला नावच देऊन टाकले: ‘ईथर न्यूमोनिया’. तर्क सरळ होता. वायू दाहक आहे, तो फुप्फुसाचे आतले अस्तर भाजतो, आणि भाजलेल्या जागी जंतू शिरतात.

तर्क सरळ असला म्हणजे खरा असतोच असे नाही. १९०८ च्या सुमारास लंडनच्या विल्यम पाश्चर या वैद्याने दाखवले की पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या अशा अनेक रुग्णांत फुप्फुसाचा काही भाग हवा निघून जाऊन मिटलेला असतो. पोटाची जखम दुखते, श्वासपटल नीट हलत नाही, खालचा भाग फुगत नाही. म्हणजे ज्याला ईथरने केलेली जखम समजले गेले, त्यातला पुष्कळसा दोष उथळ श्वासाचा होता. ईथर पूर्ण निर्दोष ठरला नाही, पण पहिला आरोप ढासळला. या विषयात असे पुन्हा पुन्हा घडणार आहे.

क्लोरोफॉर्मचे भय वेगळ्या जातीचे होते. २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडात हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाच्या नखाच्या किरकोळ शस्त्रक्रियेसाठी क्लोरोफॉर्म हुंगली आणि काही मिनिटांत गेली. पुढची साठ वर्षे वाद चालला: क्लोरोफॉर्म मारतो तो हृदय थांबवून, की श्वास थांबवून?

आणि इथे निजामाचे राज्य येते. त्या राज्यात औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे मराठी जिल्हेही होते, हे विसरायला नको. हैदराबादेत एडवर्ड लॉरी हा डॉक्टर तिथल्या वैद्यकीय शाळेचा प्रमुख होता. एडिंबरोच्या जेम्स साइमचा तो शिष्य. साइमची शिकवण एका ओळीची: नाडी सोडा, श्वास पाहा. लॉरीने हजारो रुग्णांना याच पद्धतीने क्लोरोफॉर्म दिला होता आणि त्याचा विश्वास अढळ होता.

१८८८ मध्ये निजामाच्या आश्रयाने पहिला ‘हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग’ बसला. १४१ कुत्र्यांवर प्रयोग झाले. निष्कर्ष: आधी श्वास थांबतो, हृदय मागून. लंडनच्या ‘लॅन्सेट’ नियतकालिकाने यावर शंका घेतली. तेव्हा निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारने १००० पौंड देऊ केले: तुमचा माणूस पाठवा, डोळ्यांदेखत तपासा. ‘लॅन्सेट’ने टॉमस लॉडर ब्रंटन या नामांकित औषधशास्त्रज्ञाला पाठवले. १८८९ च्या अखेरीस दुसरा आयोग भरला. कुत्री, माकडे, घोडे, शेळ्या, मांजरे, ससे असे शेकडो प्राणी वापरले गेले. हृदयाला दोष देत आलेला ब्रंटनही लॉरीच्या बाजूने गेला.

एका संस्थानिकाच्या पैशाने, हिंदुस्थानात, जगातल्या सर्वांत तापलेल्या वैद्यकीय वादावर प्रयोग होतात आणि लंडनला त्यांची दखल घ्यावी लागते, ही गोष्ट वसाहतीच्या इतिहासात दुर्मिळ आहे. याच शाळेत शिकलेल्या रूपाबाई फर्दूनजी या पारशी डॉक्टर क्लोरोफॉर्म देण्यात निष्णात झाल्या. पुढे १९०९ मध्ये त्या एडिंबरोला शिकायला गेल्या. जगातील पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. दख्खनच्या वैद्यकीय इतिहासात त्यांचे नाव लॉरीपेक्षा कमी घेतले जाते. उलट असायला हरकत नव्हती.

आयोगाचा निष्कर्ष मात्र टिकला नाही. १९११ मध्ये ए. जी. लेव्ही याने मांजरांवरील प्रयोगांत दाखवले की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना हृदयाचे ठोके विस्कटून ते अकस्मात थांबू शकते. श्वास व्यवस्थित चालू असतानाही. हॅना ग्रीनरसारख्या मृत्यूंचे स्पष्टीकरण इथे होते. हैदराबादेत प्रयोग प्रामाणिकपणे झाले होते, संख्या मोठी होती, निरीक्षक नामवंत होता. पण तिथे मुख्यतः वायूची मात्रा वाढवत नेऊन काय होते हे पाहिले गेले. शस्त्रक्रियेच्या मेजावरचा, भीतीने थरथरणारा, अर्धवट गुंगीतला माणूस त्या प्रयोगांत नव्हता.

‘श्वास पाहा’ हा हैदराबादचा सल्ला तरीही वाया गेला नाही. तो प्रत्येक भूलतज्ज्ञाच्या हातात आजही आहे. पण श्वास पाहणे म्हणजे छातीची हालचाल पाहणे. त्या हालचालीच्या आत, भिंतीवर काय चालले आहे, हे पाहण्याचे साधन १८८९ मध्ये पृथ्वीवर कुठेच नव्हते.

आता पुण्याला येऊ. १२ जानेवारी १९२४ ची रात्र, ससून रुग्णालय. सहा वर्षांची शिक्षा भोगत असलेल्या महात्मा गांधींना येरवडा तुरुंगातून तिथे आणले होते. आंत्रपुच्छाचा दाह झाला होता आणि थांबायला वेळ नव्हता. गांधींच्या विश्वासातले मुंबईचे डॉक्टर वेळेत पोहोचू शकत नव्हते. कर्नल मॅडॉक हे इंग्रज शल्यविशारद शस्त्रक्रिया करणार होते. रुग्ण दगावला तर देशात काय उसळेल, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. म्हणून पुण्याचे श्रीनिवास शास्त्री आणि डॉ. फाटक यांना साक्षीला बोलावले गेले. शस्त्रक्रियेस आपली संमती असल्याच्या निवेदनावर गांधींनी सही केली.

क्लोरोफॉर्म हुंगवण्याचे काम डॉ. दाते यांच्याकडे होते. शस्त्रक्रिया चालू असताना वीज गेली. परिचारिकेच्या हातातली बॅटरी काही वेळाने बंद पडली. उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे झाले.

हा प्रसंग बहुतेकांनी वाचलेला असतो. त्यात दडलेले रसायनशास्त्र मात्र क्वचित सांगितले जाते. हुंगवायला ईथर असता, तर ज्योत असलेला कंदील जवळ आणणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण ठरले असते. क्लोरोफॉर्म पेटत नाही, म्हणून कंदील चालला. पण क्लोरोफॉर्मची वाफ ज्योतीवर गेली की तिचे विघटन होते, आणि जे वायू तयार होतात त्यांत एक फॉस्जीन असतो.

कोंदट खोलीत, गॅसच्या दिव्यांखाली लांबलेल्या क्लोरोफॉर्मच्या शस्त्रक्रियांत डॉक्टर आणि परिचारिका खोकून बेजार होतात, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात नोंदले गेले होते. क्लोरोफॉर्म उन्हात राहिला तरी सावकाश हेच होते. म्हणून तो तपकिरी बाटलीत ठेवत आणि त्यात थोडे अल्कोहोल मिसळत.

फॉस्जीनचे दुसरे चरित्र अधिक काळे आहे. डिसेंबर १९१५ मध्ये जर्मनांनी ईप्रच्या आघाडीवर ब्रिटिशांविरुद्ध तो वापरला. पहिल्या महायुद्धात विषारी वायूंनी जे मृत्यू झाले, त्यांतले बहुसंख्य फॉस्जीनचे मानले जातात. त्याची रीत अशी: हुंगताना थोडा खोकला, मग काही तास सैनिक चालता-बोलता, आणि नंतर वायुकोशांत पाणी भरू लागते. माणूस कोरड्या जमिनीवर बुडतो. फॉस्जीन जिथे घाव घालतो ती जागा म्हणजे हीच हवा-रक्तामधली भिंत.

पुण्यात त्या रात्री असे काही झाले नाही. ज्योत एक, वेळ थोडा. गांधींना पुढे त्रास झाला तो जखमेत पू झाल्याने. ५ फेब्रुवारीला त्यांची बिनशर्त सुटका झाली आणि नंतर जुहूला विश्रांती. पण भुलीचा वायू आणि रणातला वायू यांच्यात केवळ एका ज्योतीचे अंतर होते, ही गोष्ट लक्षात ठेवावी. कारण या भिंतीविषयी पुढे जे कळले, त्याचा मोठा हिस्सा रणवायूच्या अभ्यासातून आला.

इंग्लंडात पोर्टन डाउन येथे लष्कराची रासायनिक प्रयोगशाळा होती. तिथे रिचर्ड पॅटल हा संशोधक पाण्याने भरलेल्या फुप्फुसांतल्या फेसाचा अभ्यास करत होता. फेस मोडायचा कसा, हा त्याच्यापुढचा व्यावहारिक प्रश्न. त्याच्या लक्षात आले की फुप्फुसातले बुडबुडे विलक्षण टिकाऊ आहेत; साध्या पाण्याचे किंवा रक्तद्रवाचे बुडबुडे असे टिकत नाहीत. म्हणजे त्यांच्यावर कसला तरी लेप आहे. १९५५ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केले. अमेरिकेच्या लष्करी प्रयोगशाळेत जॉन क्लेमंट्स याच वाटेने गेला. चारच वर्षांनी, १९५९ मध्ये, मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवले की दिवस पुरे होण्याआधी जन्मलेली बाळे श्वासाविना जातात, कारण त्यांच्या फुप्फुसात हा लेपच अपुरा असतो. माणूस मारणाऱ्या वायूच्या संशोधनाची एक शाखा नवजात बाळांच्या उपचारांत जाऊन मिळाली.

भिंत स्वतः दिसली ती याच्या थोडी आधी. साध्या सूक्ष्मदर्शकाला प्रकाशाची मर्यादा असते, आणि भिंत त्या मर्यादेच्या काठावर बसलेली. त्यामुळे वायुकोशांना हवेच्या बाजूने पेशींचे सलग अस्तर असते की केशवाहिन्या हवेला उघड्याच असतात, यावर शरीररचनाशास्त्रज्ञ विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भांडत होते. १९५२ मध्ये फ्रँक लो याने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने उंदराच्या फुप्फुसाची चित्रे घेतली आणि वाद मिटला. अस्तर सलग होते. ईथरने फुप्फुसाचे अस्तर भाजते असे छातीठोक सांगणाऱ्या पिढ्यांनी हे अस्तर कधी पाहिलेलेच नव्हते.

पन्नाशीच्या दशकात भुलीचे वायूही पालटले. १९५६ मध्ये मँचेस्टरमध्ये हॅलोथेन रुग्णांवर वापरात आला. तो जळत नव्हता, झोंबत नव्हता. दिव्याची भीती गेली, खोकला गेला. हिंदुस्थानात स्वातंत्र्याच्याच वर्षी मुंबईत भूलतज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली होती. तिच्या पहिल्या पिढीने ईथर आणि हॅलोथेन असे दोन्ही काळ हाताळले.

मग प्रश्न सुटला का? झोंबत नाही म्हणजे इजा करत नाही, असे वाटणे स्वाभाविक होते. पण १९७६ मध्ये ए. आर. फोर्ब्स याने दाखवले की हॅलोथेनखाली श्वासनलिकेतल्या श्लेष्म्याचा प्रवाह मंदावतो. लव थकते, पहारा ढिला पडतो. १९९४ मध्ये सर्ज मॉलिएक्स आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या फुप्फुसातल्या, सर्फॅक्टंट बनवणाऱ्या पेशी काचेच्या बशीत वाढवून त्यांवर हॅलोथेन आणि आयसोफ्लुरेन सोडले. लेपाच्या मुख्य घटकाचे उत्पादन घटले. वायू काढून घेतल्यावर ते पूर्ववत होण्याकडे कल होता, पण संशय पुन्हा जागा झाला: हा वायू भिंत फोडत नसेल, तिची डागडुजी करणाऱ्यांना झोपवत मात्र असेल.

इथपर्यंतची गोष्ट आरोपीची आहे. यानंतर आरोपी अचानक रक्षक म्हणून समोर येतो.

जपानमध्ये १९९० पासून सेव्होफ्लुरेन हा नवा, गोडसर वासाचा वायू चालू झाला होता. हृदयाच्या शस्त्रक्रियांत एक चमत्कारिक गोष्ट आढळली: अशा वायूंची भूल दिली की रक्तपुरवठा काही काळ तुटला तरी हृदयाचा स्नायू कमी मरतो. मग फुप्फुसाकडे लक्ष गेले. झुरिकमध्ये बेआट्रिस बेक-शिमर यांच्या गटाने एक फुप्फुस मिटवून केलेल्या शस्त्रक्रियांत पाहिले की सेव्होफ्लुरेन दिलेल्या रुग्णांत दाह सांगणारे रेणू कमी वाढतात. प्राण्यांच्या प्रयोगांत गळणारी भिंत कमी गळू लागली. दाह आवरणारा, भिंत सावरणारा वायू, असे सेव्होफ्लुरेनचे नवे चित्र तयार झाले.

ज्या आजारात ही भिंत सामूहिकपणे कोसळते, त्याला १९६७ मध्ये डेन्व्हरच्या डॉक्टरांनी १२ रुग्णांच्या आधारे स्वतंत्र ओळख दिली होती. इंग्रजी आद्याक्षरांनी त्याला ‘एआरडीएस’ म्हणतात. न्यूमोनिया, गंभीर जखमा, रक्तातला जंतुसंसर्ग, कारण काहीही असो. शेवट एकच, गळकी भिंत. त्यावर भिंत दुरुस्त करणारे औषध आजही नाही. म्हणून फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँच्या मॅथ्यू जाबोदाँ यांच्या गटाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या छोट्या चाचणीने आशा वाढवली. एआरडीएसच्या ५० रुग्णांत, गुंगीसाठी शिरेतून औषध देण्याऐवजी सेव्होफ्लुरेन हुंगवल्यावर रक्तातला प्राणवायू सुधारला आणि भिंतीच्या पेशींची इजा सांगणारा एक रेणू घटला.

तीन वर्षांनी कोविड आला. मे २०२० मध्ये, म्हणजे बाळकुमच्या रुग्णालयाचे दार उघडण्याच्या सुमारे महिनाभर आधी, याच गटाने फ्रान्सच्या ३७ अतिदक्षता विभागांत मोठी चाचणी सुरू केली. जगभर शिरेतून देण्याच्या गुंगीच्या औषधांची ओढाताण होती, आणि युरोपात अनेक ठिकाणी श्वासनळीला एक लहान यंत्र जोडून भुलीच्या वायूवर रुग्णांना दिवसेंदिवस झोपवले जात होते. गरज होती आणि आशेला शास्त्राचा आधारही होता. तरीही चाचणी घेणाऱ्यांनी चिठ्ठी टाकल्यासारखे रुग्ण दोन गटांत वाटले: काहींना सेव्होफ्लुरेन, काहींना शिरेतून प्रोपोफॉल. अशा काळात ‘आधी सिद्ध करू’ म्हणण्याला धैर्य लागते.

निकाल मार्च २०२५ मध्ये आला. ६८७ रुग्ण. नव्वदाव्या दिवशी प्रोपोफॉलच्या गटातले ५५.७ टक्के रुग्ण जिवंत होते. सेव्होफ्लुरेनच्या गटातले ४७.१ टक्के.

म्हणजे ज्या वायूने बशीत, प्राण्यांत आणि ५० रुग्णांत भिंत सावरली होती, तो दिला गेलेले रुग्ण अधिक संख्येने दगावले. कृत्रिम श्वासातून ते लवकर सुटलेही नाहीत. कारणांची चर्चा चालू आहे. भूल काही तासांची नसून अनेक दिवसांची होती. वायूने रक्तदाब उतरतो. यंत्रामुळे प्रत्येक श्वासाचा काही भाग नळीतच वाया जातो. भिंतीला थोडा फायदा झालाही असेल, पण रुग्ण म्हणजे केवळ त्याची भिंत नव्हे.

हैदराबादची आठवण इथे अपरिहार्य आहे. लॉरीकडे शेकडो प्राणी होते, पण माणसांची अशी तुलना नव्हती. १८८९ मध्ये तशी चाचणी घेण्याची रीतच जन्माला आली नव्हती. ती असती तर क्लोरोफॉर्मचा वाद विसावे शतक उजाडण्यापूर्वी मिटला असता, असे म्हणण्याचा मोह होतो. पण त्यासाठी लॉरीने आपल्या आयुष्यभराच्या खात्रीला चिठ्ठीच्या हवाली करायला हवे होते, आणि तो तसा माणूस नव्हता.

एक गैरसमज होऊ नये. ही चाचणी अत्यवस्थ फुप्फुसांची आणि दिवसेंदिवसच्या गुंगीची होती. तास-दोन तासांच्या शस्त्रक्रियेसाठी सेव्होफ्लुरेन आणि आयसोफ्लुरेन आजही जगभर वापरात आहेत, आणि निरोगी फुप्फुसाला त्यांनी कायमची इजा होते असे काही या चाचणीतून निघत नाही. पुढच्या महिन्यात घरातल्या कुणाचे ऑपरेशन असेल, तर त्या घरासाठी या धाग्यात घाबरण्यासारखे काही नाही. धूम्रपान, दमा किंवा जुना खोकला असेल तर तो भूलतज्ज्ञापासून लपवू नये, एवढे मात्र खरे. श्लेष्म्याचा पहारा आधीच ढिला असेल तर त्याला ते आधी कळायला हवे.

मुंबईस्थित पिरामल उद्योगसमूह आज श्वासावाटे द्यायच्या भुलीच्या औषधांच्या जगातल्या मोठ्या उत्पादकांत गणला जातो. त्याचा एक कारखाना तेलंगणात दिगवाल या गावी आहे, हैदराबादहून जहीराबादकडे जाणाऱ्या वाटेवर. लॉरीच्या काळी तो निजामाचाच मुलूख होता.